स्वायत्त गाठ, उसनी साखर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप आणि अमेरिकेत फळझाडांच्या कलमांचा व्यापार वाढला, सफरचंद, पीच, बदाम आणि द्राक्ष यांची कलमे रोपवाटिकांतून लांबलांबच्या बागांकडे जाऊ लागली, आणि त्यांच्याबरोबर एक जुनी व्याधीही प्रवासाला निघाली. खोड मातीत शिरते त्या जागी, किंवा कलमाच्या सांध्यावर, सुरुवातीला मऊ व पांढुरकी आणि पुढे काळपट, खडबडीत, लाकडासारखी टणक होत जाणारी गाठ उठत असे. झाड लगेच मरत नसे, पण खुरटत असे, आणि गाठ असलेली रोपे तपासणीत बाद होत असल्याने रोपवाटिकाकाराचे नुकसान मात्र तत्काळ होई. क्राउन गॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचा कलमांच्या धंद्याशी असलेला संबंध योगायोगाचा नव्हता. कलम बांधणे म्हणजे मुळात झाडाला जखम करणे: खुंट छाटायचा, त्यात खाच घ्यायची, डोळकाडी बसवायची आणि वरून घट्ट बांधायचे. या रोगाच्या जंतूला नेमकी अशीच ताजी जखम लागते.

जंतूचा शोध दोन टप्प्यांत लागला. इटलीतील फ्रिदियानो काव्हारा यांनी 1897 मध्ये द्राक्षवेलीवरील गाठींतून जिवाणू वेगळा केला. त्यांच्या कामाची त्या वेळी फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यातील अर्विन स्मिथ आणि सी. ओ. टाउनसेंड यांनी पॅरिस डेझी या फुलझाडावरील गाठींवर काम करून 1907 मध्ये त्यांचे कारण असलेल्या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. आज तो अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स या नावाने ओळखला जातो. स्मिथ यांना या गाठीत माणसाच्या कर्करोगाचे प्रतिरूप दिसले आणि ते आयुष्यभर या साम्याचा आग्रह धरत राहिले. वैद्यकाच्या दृष्टीने ते साम्य फार पुढे गेले नाही, कारण माणसाचे बहुतेक कर्करोग जिवाणूमुळे होत नाहीत. परंतु त्यामुळे रोपवाटिकेतला एक त्रास प्रयोगशाळेतला मोठा प्रश्न झाला. एरवी गाठाळलेल्या रोपांची होळी करून हा विषय तिथेच संपला असता.

कोपनहेगनमध्ये जेन्सन यांनी 1910 च्या सुमारास बीटच्या गाठींचे तुकडे निरोगी बीटवर बांधून पाहिले, आणि ते तुकडे तिथेही गाठीसारखेच वाढत राहिले. जिवाणूने एकदा आपले काम केले की पुढच्या वाढीसाठी त्याची गरज उरते का, ही शंका या प्रयोगाने उभी केली. तिचे पक्के उत्तर मिळायला तीस वर्षे लागली. प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेत आर्मिन ब्राउन यांनी फिलिप व्हाइट यांच्यासह सूर्यफुलाच्या, मुख्य गाठीपासून दूर उठलेल्या आणि जिवाणूविरहित असलेल्या गाठींचे तुकडे काचेच्या नळीत वाढवले. 1942 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ही ऊती जिवाणूशिवायही अमर्याद वाढत होती. त्यानंतर ब्राउन यांनी सदाफुलीचा उपयोग केला. महाराष्ट्रात अंगणात आणि देवळाच्या आवारात सहज उगवणाऱ्या या झुडपाची निवड त्याच्या उष्णता सोसण्याच्या शक्तीमुळे झाली होती, कारण सुमारे 46 अंश सेल्सिअस तापमानात काही दिवस ठेवले तर त्यातील जिवाणू मरतात आणि झाड मात्र जगते. जखमेत जिवाणू सोडल्यानंतर दीड दिवसाने ही उष्णता दिली तर बारीक, संथ वाढणाऱ्या गाठी येत. तीन-चार दिवसांनी दिली तर पूर्ण वेगाने वाढणाऱ्या गाठी येत. म्हणजे या अल्पावधीत जिवाणू झाडाच्या पेशीत काहीतरी ठेवून जातो, आणि ते ठेवून झाल्यावर त्याचे असणे वा नसणे सारखेच ठरते. ब्राउन यांनी या अज्ञात वस्तूला अर्बुदकारक तत्त्व म्हटले. अर्बुद म्हणजे शरीराचे नियंत्रण झुगारून वाढणाऱ्या पेशींचा गोळा.

या कामाचे सर्वांत बारकाईचे फलित 1958 चे आहे. निरोगी ऊती काचेच्या नळीत वाढवायची तर पोषणद्रवात वनस्पती-संप्रेरके घालावी लागतात, म्हणजे झाड स्वतःच अत्यल्प प्रमाणात तयार करते आणि ज्यांच्यामुळे पेशींची वाढ व विभाजन चालते अशी द्रव्ये. पूर्ण अर्बुद झालेली ऊती मात्र त्यांच्यावाचून, क्षार, थोडी जीवनसत्त्वे आणि साखर एवढ्यावरच वाढते. संथ वाढणाऱ्या अर्बुदाला वेगवान अर्बुदाइतके धावायला लावायचे तर ऑक्सिन हे संप्रेरक आणि इतर काही द्रव्ये बाहेरून द्यावी लागत. यावरून ब्राउन यांनी असा निष्कर्ष काढला की अर्बुदाची पेशी ही द्रव्ये स्वतः निर्माण करू लागते, म्हणून ती स्वायत्त होते. हा शब्द पुढच्या सगळ्या लेखनात रूढ झाला. त्याच पोषणद्रवातील एक घटक मात्र या यादीतून कधीच वजा झाला नाही, आणि त्याच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही: व्हाइट यांच्या द्रवात दर लिटरला 20 ग्रॅम साखर असे, आणि 1962 मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी मांडलेल्या, पुढे जगभर रूढ झालेल्या द्रवात 30 ग्रॅम. केळीची टिश्यू कल्चर रोपे तयार करणाऱ्या जळगावकडच्या प्रयोगशाळांतही याच घराण्यातले पोषणद्रव वापरले जाते. अर्बुद संप्रेरकांबाबत स्वायत्त होते. साखरेबाबत ते पहिल्या दिवसापासून परावलंबी होते. ती साखर कशी मिळते, कोण फोडते आणि फोडण्याचा हुकूम कोण देते, हे प्रश्न विज्ञानाने बऱ्याच उशिरा विचारले.

उशीर होण्याचे कारण साधनांच्या अभावात शोधता येत नाही, कारण साखर फोडणाऱ्या विकराचा इतिहास अर्बुदाच्या इतिहासापेक्षा जुना आणि अधिक प्रतिष्ठित आहे. विकर म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. उसाची किंवा बीटची साखर, म्हणजे सुक्रोज, ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांची जोडी आहे. तिच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश पाठवला तर त्याचे प्रतल उजवीकडे वळते, विशिष्ट वळण अधिक 66.5 अंश; जोडी फुटली की फ्रुक्टोजच्या प्रभावाने ते डावीकडे, उणे 20 अंशांच्या आसपास येते. दिशा उलटते म्हणून या फोडण्याच्या क्रियेला व्युत्क्रमण, आणि ती करणाऱ्या विकराला इन्व्हर्टेज हे नाव पडले. नळीतल्या द्रावणाला हात न लावता, केवळ काचेतून पाहून क्रिया किती पुढे गेली हे मोजता येणे ही त्या काळात दुर्मीळ सोय होती, आणि विकरशास्त्राचा पाया इन्व्हर्टेजवर घातला गेला तो याच सोयीमुळे. मार्सेलँ बर्थलो यांनी 1860 मध्ये यीस्टच्या अर्कात अल्कोहोल घालून ते वेगळे केले. एमिल फिशर यांनी 1894 मध्ये विकर आणि त्याचा पदार्थ यांच्या नात्याला दिलेली कुलूप-किल्लीची उपमा शर्करा फोडणाऱ्या विकरांवरच्या कामातून निघाली. 1913 मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकराच्या वेगाचे समीकरण मांडले तेही याच विकराच्या मोजणीवरून. मात्र हे सारे काम यीस्टच्या विकरावरचे होते, आणि ते करणाऱ्यांना वनस्पतीत हे विकर काय करते याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते.

वनस्पतीत इन्व्हर्टेज एक नसून त्याचे तीन प्रकार आहेत, आणि कुठला प्रकार कुठे बसला आहे यावर पुढचा सगळा अर्थ अवलंबून आहे. एक पेशीभित्तिकेला चिकटलेले असते आणि सुक्रोज पेशीत शिरण्यापूर्वीच बाहेर फोडते. दुसरे रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील रसाने भरलेल्या पिशवीत असते. ही दोन्ही आम्ल परिस्थितीत काम करतात. तिसरे पेशीद्रवात असते आणि उदासीन परिस्थितीत चालते. यांच्याखेरीज सुक्रोज सिंथेज नावाचे आणखी एक विकर आहे, जे अर्जेंटिनात लुईस लेलोइर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये गव्हाच्या अंकुरात दाखवून दिले; ते सुक्रोज जोडूही शकते आणि फोडूही शकते. एर्न्स्ट म्युंश यांनी 1930 मध्ये मांडलेल्या दाबप्रवाहाच्या सिद्धान्तानुसार रसवाहिन्यांतून साखर जिथे तयार होते तिथून जिथे खर्च होते तिकडे वाहते, आणि हा प्रवाह दोन टोकांच्या दाबातील फरकावर चालतो. उतरवून घेणाऱ्या टोकाला सुक्रोज फुटत राहिले, त्याचे तुकडे पेशी ओढून घेत राहिल्या, तर तिथे सुक्रोज साचत नाही आणि प्रवाह तुंबत नाही. म्हणजे साखर फोडणारे विकर हे केवळ पचनाचे साधन नसून झाडातील साखर कुठल्या अवयवाकडे जाईल हे ठरवणाऱ्या घटकांपैकी एक आहे.

संप्रेरकांचा या वाटणीशी संबंध आहे याची पहिली स्पष्ट खूण अर्बुदात नव्हे, तर पानात मिळाली. फ्रिट्स व्हेंट यांनी 1928 मध्ये ओटच्या कोंबाच्या टोकातून निसटणारे वाढद्रव्य पकडले होते, तेच ऑक्सिन. अमेरिकेतील मॅडिसन येथे फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांच्या गटाने 1955 मध्ये कायनेटिन वेगळे केले, आणि 1957 मध्ये तंबाखूच्या गाभ्यावर दाखवून दिले की ऑक्सिन जास्त असेल तर मुळे फुटतात, कायनेटिनसारखी सायटोकायनिने जास्त असतील तर कोंब फुटतात आणि दोन्ही बेताची असतील तर आकारहीन ऊती वाढते. त्यानंतर लवकरच पूर्व जर्मनीत हाले येथे कुर्ट मोथेस यांनी तोडलेल्या पानाच्या एका भागावर कायनेटिन लावले, तेव्हा पानातील अमिनो आम्ले त्या भागाकडे गोळा झाली आणि उरलेले पान पिवळे पडत असताना तो भाग हिरवा राहिला. संप्रेरक अन्न खेचते हे त्यातून दिसले. कसे खेचते हे दिसले नाही.

तिसरा धागा उसाचा आहे, आणि तो महाराष्ट्राच्या वाचकाला जवळचा वाटेल. तोड झालेला ऊस गाळपाला उशिरा लागला की साखर उतारा घटतो, हे प्रत्येक कारखान्याच्या गव्हाणीवर माहीत असते. शिळ्या उसात सुक्रोज फुटते, त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, ते दाणा धरत नाही आणि मळीत जाते. उसाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील साखर कंपनीच्या संशोधन केंद्रात सॅकर, हॅच आणि ग्लासिऊ यांनी 1963 मध्ये जे दाखवले ते जिवंत, उभ्या उसाविषयीचे होते. शेंड्याकडच्या कोवळ्या, लांबत असलेल्या कांड्यांत आम्ल इन्व्हर्टेज भरपूर असते आणि म्हणून साखर साठत नाही; या कांड्यांच्या चकत्यांना ऑक्सिन दिले की विकराची निर्मिती वाढते, आणि विकराच्याच क्रियेतून सुटणारे ग्लुकोज साचले की ती निर्मिती दबते. संप्रेरक, विकर आणि साखर या तिघांना एकाच नियंत्रणचक्रात बसवणारे हे काम नंतरच्या वाङ्मयात थोडे झाकोळले गेले, कदाचित त्याच केंद्रातील हॅच यांनी स्लॅक यांच्यासह प्रकाशसंश्लेषणाच्या सी-4 मार्गावर केलेल्या कामाच्या प्रसिद्धीमुळे. या विषयाचा इतिहास लिहायचा तर आरंभबिंदू म्हणून ब्रिस्बेनचे नाव आधी घ्यावे लागते.

दरम्यान ब्राउन यांचे अर्बुदकारक तत्त्व काय आहे याचा उलगडा झाला. बेल्जियममधील घेंट येथे जेफ शेल आणि मार्क व्हान मोंटागू यांच्या गटाने 1974 मध्ये दाखवले की रोगकारक जिवाणूत डीएनएचे एक मोठे स्वतंत्र वलय असते, त्याला टीआय प्लास्मिड म्हणतात. 1977 मध्ये सिअ‍ॅटल येथे मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वलयाचा एक तुकडा अर्बुदाच्या पेशींच्या डीएनएत सापडतो हे सिद्ध केले. 1984 च्या सुमारास त्या तुकड्यातील जनुके वाचली गेली, तेव्हा स्कूग यांचे 1957 चे गणित जिवाणूला फार आधीपासून येत होते असेच म्हणावे लागले: दोन जनुके मिळून ऑक्सिन तयार करतात, आणि आयपीटी नावाचे तिसरे जनुक सायटोकायनिनच्या निर्मितीची पहिली पायरी घडवते. ऑक्सिनची जनुके बिघडवली तर गाठीतून कोंब फुटतात, सायटोकायनिनचे बिघडवले तर मुळे फुटतात. त्याच तुकड्यात आणखी एक सोय असते. फ्रान्समधील व्हर्सायच्या जॉर्ज मोरेल यांच्या प्रयोगशाळेत अर्बुदांमध्ये ओपाइन नावाची विचित्र संयुगे सापडली होती. ती तयार करण्याची जनुकेही जिवाणूच पेशीत घालतो आणि तयार झालेली ओपाइने स्वतः खातो. म्हणजे अर्बुद हे जिवाणूने झाडाच्या खर्चाने चालवलेले स्वयंपाकघर आहे, आणि त्या स्वयंपाकाचा शिधा झाडाच्या पानांतून येणाऱ्या सुक्रोजमधून निघतो.

या टप्प्यावर साखर फोडण्याचा प्रश्न टाळणे शक्यच राहिले नाही. वाइल आणि राउश यांनी 1990 मध्ये क्राउन गॉलच्या तंबाखू-पेशींतून भित्तिकेचे इन्व्हर्टेज शुद्ध करून त्याचे गुणधर्म आणि ऑक्सिनचा त्यावरील परिणाम अभ्यासला. त्याच गटाने 1994 मध्ये तंबाखूच्या पेशीभित्तिकेत एक लहान प्रथिन दाखवून दिले, जे परीक्षानळीत या विकराला बांधून निकामी करते. या दुसऱ्या शोधाचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. विकराचे प्रमाण मोजून ऊती किती साखर फोडते हे ठरवता येईल, ही आधीची समजूत त्यामुळे ढिली पडली, कारण विकर जागेवर असूनही बंद असू शकते. संप्रेरक जनुकाला जागे करते, जनुकापासून विकर बनते, आणि तयार विकरालाही लगाम घालता येतो; या तीनही पायऱ्यांवर नियंत्रण शक्य आहे.

सायटोकायनिनचा धागा थॉमस रॉइच यांच्या गटाने जर्मनीत पुढे नेला. चंदनबटव्याच्या कुळातील चेनोपोडियम रुब्रम या वनस्पतीच्या पेशींवर काम करताना त्यांनी 1997 मध्ये दाखवले की सायटोकायनिन दिल्यावर पेशीबाहेरच्या इन्व्हर्टेजचे आणि ग्लुकोज पेशीत ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनाचे संदेश एकाच वेळी वाढतात. फोडणारे आणि उचलून नेणारे या दोघांना एकाच हुकमाने कामाला लावले जाते, आणि मोथेस यांच्या पानावरील हिरव्या ठिपक्याला अखेर एक यंत्रणा मिळाली. या पेशींत ग्लुकोजही त्याच विकराच्या निर्मितीला चालना देते, म्हणजे उसाच्या कोवळ्या कांडीत दिसले त्याच्या अगदी उलट. एका वनस्पतीतला नियम दुसरीला लावण्याची घाई करू नये, हे या विषयात पुन्हा पुन्हा शिकावे लागले आहे. पुढचा प्रयोग अधिक निर्णायक होता आणि त्याची सामग्री अर्बुदातूनच आली होती. मॅडिसन येथे गान आणि अमासिनो यांनी 1995 मध्ये जिवाणूचे आयपीटी जनुक तंबाखूत अशा रीतीने घातले की पान म्हातारे होऊ लागले की ते जागे व्हावे. अशी पाने दीर्घकाळ हिरवी राहिली. रॉइच यांच्या गटाने 2004 मध्ये अशाच झाडांत इन्व्हर्टेजला निकामी करणारे प्रथिन निर्माण होऊ दिले, तेव्हा सायटोकायनिन असूनही पानांचे म्हातारपण पुढे ढकलले गेले नाही. साखर फुटली नाही तर संप्रेरकाचा हुकूम निष्फळ ठरतो, हे त्यातून सिद्ध झाले.

प्रत्यक्ष झाडावरील गाठीत हे सगळे कोणत्या क्रमाने घडते, याचे सर्वांत तपशीलवार चित्र एरंडावर मिळाले आहे. डार्मश्टाट येथील कॉर्नेलिया उलरिश यांच्या गटाने, तेल अवीवचे रोनी अलोनी आणि इतरांसह, 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात एरंडाच्या खोडावरील गाठी आठवड्यागणिक तपासल्या. गाठीतील वाढत्या ऑक्सिन व सायटोकायनिनमुळे तिथे इथिलीन हा वायुरूप संप्रेरक निर्माण होतो, आणि इथिलीनची निर्मिती रोखणारे द्रव्य दिले तर गाठीत नव्या वाहिन्यांचे जाळे नीट तयार होत नाही व तिची बाह्यत्वचाही फाटत नाही. त्वचा फाटल्याने गाठीतून पाण्याचे बाष्पीभवन जोरात होते, पहिल्या तीन आठवड्यांत तिच्याकडे येणारा पाण्याचा ओघ झपाट्याने वाढतो, आणि पाण्याबरोबर क्षार येतात. साखर रसवाहिन्यांतून येते. सुरुवातीला गाठ फुगत असताना तिच्या पेशींच्या रिक्तिकांतील इन्व्हर्टेज सर्वाधिक असते. ते सुक्रोज आतच फोडते, शर्करेचे रेणू दुप्पट होतात, त्यांच्यामुळे पेशीत पाणी शिरते आणि पेशी मोठी होते. नंतर गाठीच्या बाहेरच्या थरात सुक्रोज सिंथेज आणि भित्तिकेचे इन्व्हर्टेज वाढते. पाणी गमावणाऱ्या या थरात अ‍ॅब्सिसिक आम्ल, म्हणजे पाण्याच्या टंचाईत झाडाला सावध करणारे संप्रेरक, आढळते, आणि ते ज्या जागी आढळते त्या जागा दोन्ही आम्ल इन्व्हर्टेजच्या जागांशी जुळतात. याच थरात सुक्रोज आणि प्रोलिन हे अमिनो आम्ल साठू लागते, ज्यांच्यामुळे पेशी सुकण्यापासून वाचतात. सुरुवातीचे आठवडे आलेली साखर फोडण्यात घालवलेली गाठ अशा रीतीने आपल्या बाहेरच्या थरात ती न फोडता राखून ठेवू लागते, आणि तरीही रसवाहिन्यांतून नवी साखर येतच राहते, कारण त्याच थरातील भित्तिकेचे इन्व्हर्टेज आणि सुक्रोज सिंथेज त्यातला काही भाग सतत खर्ची टाकत असतात.